डोळ्यातला कचरा आणि रांगेतला नंबर



'मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे' म्हणून कमिटीवाले तीन आठवडे मागे लागले होते. आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी पहिला पाऊस, आईची आठवण आणि मेसची पाणीदार डाळ या तीन विषयांवर भरपूर लिहून येतं, त्यात मी आणखी भर घालत नाही. मी डोळ्यावर लिहिणार आहे. 'तिचे डोळे' वगैरे नव्हे, थांबा! डोळ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर. मेकॅनिकलच्या पोराने हा मेडिकलवाल्यांचा विषय कशाला अंगावर घ्यावा, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण सरळ आहे. गेल्या वर्षी एका चांगल्या कॉर्नियाची वाट लावण्यात माझा हात होता. आणि तो कॉर्निया माझ्या मित्राचा होता.

झालं असं की, आमच्या टीमच्या गाडीची फ्रेम वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये चालू होती. डेडलाईन डोक्यावर आलेली. माझा रूम पार्टनर अँगल ग्राइंडर घेऊन वेल्डचे जॉइंट घासत होता. गॉगल? होता ना, एक होता! त्याची काच इतकी ओरखडलेली की पलीकडे माणूस उभा आहे की ड्रिल मशीन ते कळू नये. म्हणून तो कपाटाच्या खिळ्यावर लटकत होता. संध्याकाळी साडेसहाला पार्टनर ओरडला, "डोळ्यात काहीतरी गेलं रे!" मग आपली नेहमीची ट्रीटमेंट सुरू झाली. एकाने पापणी वर केली, दुसऱ्याने फुंकर मारली, तिसऱ्याने रुमालाचं टोक पीळ देऊन आत घातलं. कण निघाला. सगळे खूश. पार्टनर परत कामाला लागला.

रात्री रूमवर त्याच्या डोळ्यातून धार लागली. ट्यूबलाईट सहन होईना. "डॉक्टरकडे जाऊ या का?" असं तो म्हणाला होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यावर मी काय म्हणालो ते मला अजून आठवतं. मी म्हणालो, "एवढ्यासाठी कुठं रात्रीचं जायचं? रेक्टरची परवानगी काढ, रिक्षा शोध... मी आणतो ड्रॉप." गेटबाहेरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'डोळा लाल झालाय' एवढंच सांगितलं आणि एक छोटी बाटली घेऊन आलो. दोन दिवसांत डोळा बराच पांढरा झाला. मी कॉलर ताठ करून फिरलो. चौथ्या दिवशी डोळा पुन्हा लालभडक, दुखणं पहिल्यापेक्षा जास्त, आणि बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. सहाव्या दिवशी आम्ही नेत्र रुग्णालयात पोचलो. तिथल्या मॅडमनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि विचारलं, "हे कोणी दिलं?" पार्टनरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "मीच आणलं मॅडम."

त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईड होतं.

आता जरा थिअरी. घाबरू नका, व्हायवा घेणार नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी डोळ्याची आकृती आठवते का? त्यात सगळ्यात पुढे 'पारपटल' किंवा 'स्वच्छमंडल' असं लिहिलेलं असायचं. आपण एका मार्कासाठी ते पाठ केलं आणि विसरलो. तोच कॉर्निया. व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपल्याला वाटतं की प्रकाश वळवायचं काम आतलं भिंग करतं. खरं तर डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टरपैकी ४३ च्या आसपास या पुढच्या काचेकडे असतात. आतलं भिंग फोकस जुळवतं, मोठं काम कॉर्नियाचं. आपण ज्याला 'काळं बुबुळ' म्हणतो ते या काचेतून दिसणारं आतलं दृश्य असतं. काच स्वतः दिसतच नाही, म्हणून तिची किंमतही कळत नाही.

ही काच पारदर्शक राहते कशी, हे आपल्या ब्रँचच्या माणसाने समजून घेण्यासारखं आहे. कॉर्नियाची नव्वद टक्के जाडी कोलॅजनच्या तंतूंची असते. तंतू अत्यंत बारीक आणि सारख्या अंतरावर रचलेले, थरावर थर. जणू प्लायवूडच. ही रचना बिघडली की प्रकाश विखुरतो आणि काच दुधी होते. तिथं रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला जग लाल जाळीतून दिसलं असतं! प्राणवायू बाहेरच्या हवेतून, अश्रूंमधून विरघळून येतो. सगळ्यात आत पेशींचा एकच पातळ थर असतो. तो म्हणजे चोवीस तास चालणारा डिवॉटरिंग पंप. कॉर्नियात शिरणारं पाणी तो सतत बाहेर टाकतो. या पंपाच्या पेशी मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार असतात, आणि मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. स्पेअर पार्ट नाही!

याच्या अगदी उलट बाहेरचा थर. तो झपाट्याने भरून येतो. कण लागून वरवर खरचटलं तर दोन-तीन दिवसांत नवी पेशी सरकून जागा भरते. म्हणूनच 'आपोआप बरं होतं' असं आपल्याला वाटतं, आणि बहुतेक वेळा होतंही. पण तोवर ते दार उघडं असतं. त्या उघड्या दारातून जिवाणू किंवा बुरशी आत शिरली की मामला मधल्या प्लायवूडपर्यंत जातो. तिथली जखम भरते ती व्रण ठेवूनच. आपल्या आज्या त्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात. किती सुंदर शब्द आणि किती वाईट गोष्ट!

आता स्टेरॉईडची गंमत बघा. डोळा लाल होणं, सुजणं, दुखणं ही शरीराची लढाई असते. स्टेरॉईड त्या लढाईलाच गप्प बसवतं. लाली जाते, दुखणं कमी होतं, आपण म्हणतो 'वा, गुण आला!' शत्रू मात्र आत मजेत वाढत असतो. फायर अलार्मची वायर कापली आणि आग विझली म्हणून पेढे वाटले, तसा हा प्रकार. बुरशी आणि नागिणीच्या जातीतले विषाणू अशा वेळी फार फोफावतात. स्टेरॉईड वाईट औषध आहे असं नाही. कॉर्निया बदलल्यावर शरीराने तो नाकारू नये म्हणून तेच लागतं. पण ते कधी द्यायचं हे डोळ्यात यंत्राने बघून ठरवायचं असतं, आणि कायद्याने ते चिठ्ठीशिवाय विकताही येत नाही. मी चिठ्ठी दाखवली नाही, त्यानं मागितली नाही. दोघंही तितकेच शहाणे.

घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगदी तुझ्या मामाचं झालं तसंच की रे!"

मामाचा डोळा मी लहानपणापासून बघत आलोय, पण असं का झालं ते कधी विचारलं नव्हतं. ऊसतोडीच्या दिवसांत उसाचं पान डोळ्यावर सपकन लागलं. ज्याने उसाच्या फडात पाऊल टाकलंय त्याला ती पात करवतीसारखी असते हे सांगायला नको. मामाने आधी गुलाबपाणी घातलं, मग गावातून मलम आणलं, मग कोणीतरी ड्रॉप दिले. पंधरा दिवसांनी तालुक्याला गेला तोवर फूल पडलं होतं. शेतातल्या पाल्याने, काडीने किंवा भाताच्या तुसाने इजा झाली की बुरशीचा धोका जास्त असतो, हे आता मला माहीत आहे. मामाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मला मात्र मामाच्या डोळ्याकडे बघून वीस वर्षांत एकदा तरी विचारता आलं असतं.

या सगळ्यात किती वेळ हातात असतो? यावर नेपाळमधल्या भक्तपूर इथला एक अभ्यास आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. डोळ्याला खरचटलेला माणूस आला की तपासून त्याला साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस दिलं. महागडं काही नाही. निकाल बघा : इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले ते २८४ जण होते. त्यांच्यातल्या एकालाही कॉर्नियाचा अल्सर झाला नाही. एकालाही नाही! २४ ते ४८ तासांनी आलेले ४९ जण होते, त्यांतल्या १४ जणांना झाला. मलम तेच, माणसं तीच, फरक फक्त घड्याळाचा.

साडेसहाला कण गेला होता. १८ तास म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा. रात्री रिक्षा मिळाली नसती तरी सकाळचं पहिलं लेक्चर बुडवून आम्ही आरामात पोचलो असतो. लेक्चर एरवी आपण काय कमी बुडवतो?

पार्टनरच्या डोळ्यातला ठिपका मॅडमनी खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बुरशी. मग नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. हे जुनंच औषध आहे. दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने नव्या वोरिकोनॅझोललाही मागे टाकलं. पण बुरशीचा अल्सर म्हणजे आठवड्यांचं काम. रूममध्ये दर तासाला मोबाईलचा गजर व्हायचा, मी उठून थेंब घालायचो. रात्री तीनच्या गजराला तो एकदा म्हणाला, "झोप रे तू, मी घालतो." मी झोपलो नाही. मला झोप येण्यासारखं काही नव्हतंच.

त्याच्या टेस्ट बुडाल्या, एक केटी लागली, गाडी त्याच्याशिवाय स्पर्धेला गेली. डोळा वाचला. व्रण बाहुलीच्या कडेला राहिला. दिवसा चालतं, रात्री समोरून येणारे दिवे फुटलेल्या काचेतून बघावेत तसे पसरतात. मॅडम म्हणाल्या, हाच व्रण थोडा मध्यावर असता तर कॉर्निया बदलण्याचा विचार करावा लागला असता.

इथंच आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं, 'मग बदलायचा ना! नेत्रदान करतातच की लोक.' माझं म्हणणं नेमकं याच वाक्याबद्दल आहे.

कॉर्निया बदलता येतो, हे खरं आहे आणि ते मोठं आश्चर्य आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी माणसाचा कॉर्निया माणसाला पहिल्यांदा यशस्वीपणे बसवला. रुग्ण एक मजूर होता, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला. दाता होता अकरा वर्षांचा मुलगा, ज्याचा इजा झालेला डोळा काढावाच लागणार होता. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, आजच्यासारखा ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शक नव्हता. तरी एका डोळ्याला दृष्टी आली. (जाता जाता : चुना आजही डोळे घालवतो. तंबाखूच्या चुन्याची नळी पोरांच्या हातात फुटते. असं झालं तर आधी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं, दवाखान्याकडे पळायचं ते त्यानंतर. लॅबमधल्या कॉस्टिकलाही हाच नियम.)

आज तंत्र फार पुढे गेलंय. पूर्वी पूर्ण जाडीची चकती बदलायचे. आता पुढचे थर बिघडले असतील तर फक्त पुढचे, आतला पंप बंद पडला असेल तर फक्त तो पातळ पापुद्रा बदलता येतो. पण हे काम खिडकीची काच बदलण्यासारखं नाही. पूर्ण चकती बसवली तर केसाहून बारीक दोऱ्याचे सोळा-सोळा टाके पडतात, नजर स्थिर व्हायला वर्ष लागू शकतं, शरीर तो नाकारेल ही भीती पुढेही राहते. जंतुसंसर्गाने लाल झालेल्या, रक्तवाहिन्या शिरलेल्या डोळ्यात तर तो टिकण्याची शक्यता आणखी कमी. आणि मुख्य म्हणजे, ही चकती कुठल्या फॅक्टरीत बनत नाही. ती कोणीतरी गेल्यावर, त्याच्या घरच्यांनी त्या अवस्थेतही 'हो' म्हटल्यावर मिळते. आलेल्या प्रत्येक कॉर्नियाचं इन्स्पेक्शन होतं, पेशी मोजतात, रक्त तपासतात. पास झालेलेच वापरतात. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, हे सांगायला मॅनेजमेंटचा पेपर द्यायला नको.

मामाला एकदा विचारलं, "मामा, तुम्ही का नाही बदलून घेतलं?" तर म्हणाला, "डॉक्टर बोलले होते. पण माझं एकावर चाललंय. ज्याचे दोन्ही गेलेत त्याला आधी मिळू दे की." सातवी शिकलेला माणूस.

त्याच्या त्या बोलण्यातून माझ्या लक्षात आलं की ही एक रांग आहे. त्या रांगेत असे लोक उभे आहेत ज्यांनी काहीच चूक केलेली नाही. कोणाचा पंप वयाबरोबर आपोआप बंद पडलाय, कोणाचं बाळ जन्मतःच दुधी कॉर्निया घेऊन आलंय. त्या रांगेत आपण जाऊन उभे राहतो ते गॉगल लावला नाही म्हणून, कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्यात धुतली म्हणून, मेडिकलमधून बाटली आणली म्हणून. आणि कोणाचा तरी नंबर एकाने मागे जातो. आपल्या निष्काळजीपणाची किंमत आपणच मोजतो असं आपल्याला वाटतं. पूर्ण किंमत आपण मोजत नाही. बाकीची तो रांगेतला अनोळखी माणूस मोजतो.

आपल्या वयाला लागणारा एक आजार तर मुद्दाम सांगायला हवा, केरॅटोकोनस. यात कॉर्निया पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते आणि तिशीपर्यंत, कधी त्यापुढेही, वाढत राहतो. आमच्या टीममधली एक ज्युनिअर. दर सहा महिन्यांनी तिचा चष्म्याचा नंबर बदलायचा, तोही तिरकस, सिलिंडरचा. सगळे म्हणायचे, मोबाईल कमी बघ. शेवटी कोणीतरी कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगितला आणि निदान झालं. तिला लहानपणापासून ॲलर्जी, डोळे सतत खाजणार, आणि ती मुठीने रगडून चोळणार. चोळण्याचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. आधीच नाजूक असलेल्या मटेरियलवर फटीग लोडिंग, दुसरं काय!

तिचं नशीब की वेळेत कळलं. यावर जर्मनीत ड्रेस्डेन इथं शोधलेला एक सुंदर उपाय आहे, क्रॉस-लिंकिंग. २००३ साली त्याचे पहिले निकाल छापून आले. कॉर्नियावर रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व, थेंबाथेंबाने मुरवायचं आणि वरून अतिनील प्रकाश सोडायचा. मूळ पद्धतीत चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट, अर्धा तास. गुणाकार करा : ५.४ ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेने कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि काच कडक होते. रबराचं व्हल्कनायझेशन शिकलो ना, तोच विचार! पण हा उपाय बिघाड थांबवतो, झालेला बिघाड पूर्ण भरून काढत नाही. आणि त्यासाठी कॉर्नियाची पुरेशी जाडी शिल्लक असावी लागते. उशीर झाला की कडक लेन्स, आणि त्यानेही भागलं नाही तर पुन्हा तीच रांग. म्हणून चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल, विशेषतः सिलिंडर वाढत असेल, तर दुकानात नवा चष्मा करून गप्प बसू नका. नेत्रतज्ज्ञाला 'कॉर्नियाची टोपोग्राफी करायची का?' असं स्वतःहून विचारा.

आता तुम्ही म्हणाल, "उपदेश पुरे, करायचं काय?" मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन कॉलेजला, एक आपल्याला.

पहिली, वर्कशॉप. 'सेफ्टी फर्स्ट'ची पाटी आपल्या वर्कशॉपला आहे, नवीकोरी. गॉगल मात्र बॅचला दोन, त्यातल्या एकाचं इलॅस्टिक तुटलेलं. वर्कशॉपचे काका वैतागून म्हणतात, "पोरं लावतच नाहीत, मग कशाला मागवू?" पोरं म्हणतात, "त्यातून दिसत नाही, घाम येतो, कोण लावणार?" दोघांचंही खरं आहे. म्हणून उपाय दंडाचा नको, इंजिनिअरिंगचा करू. प्रत्येक ग्राइंडरच्या मेन स्विचला चावी बसवायची आणि ती चावी गॉगलच्या दोरीला बांधायची. चावी हवी तर गॉगल हातात येणारच. आणि ओरखडलेला गॉगल सेमिस्टरला बदलायचा. एका ग्राइंडिंग व्हीलपेक्षा महाग नाही तो. वेल्डिंगच्या बाबतीतही तेच. नुसत्या डोळ्याने आर्क बघितला की रात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं, तो कॉर्नियाचा सनबर्नच असतो. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा शील्ड धरणं सोपं.

दुसरी, हॉस्टेल. प्रथमोपचाराच्या पेटीत डोळ्याचे थेंब ठेवूच नयेत. त्याऐवजी सलाईनची बाटली, जवळच्या नेत्र रुग्णालयाचा नंबर आणि 'डोळ्याला लागलं तर परवानगी नंतर, आधी दवाखाना' असा रेक्टर सरांच्या सहीचा एक कागद. सरांनी मनावर घेतलं तर उद्या होईल असं काम आहे. आमच्या बाबतीत सर नाही म्हणाले असते असं मला वाटत नाही. आम्ही विचारलंच नाही. पण विचारायचाच कंटाळा यावा अशी सिस्टिम असेल, तर ती सिस्टिम सुधारायला हवी.

तिसरी आपली. लेन्स लावून झोपू नका, नळाच्या पाण्याने धुऊ नका. त्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो कॉर्नियात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात. गॅदरिंगला एकाच रंगीत लेन्सची जोडी तिघींनी वापरली, हे मी ऐकलंय. नावं सांगत नाही! दवाखान्यात डोळा बधिर करणारे थेंब घालतात, ते 'घरी न्यायला द्या' म्हणून हट्ट करू नका. वारंवार घातले तर ते जखम भरूच देत नाहीत.

आणि रांग लहान करायची दुसरी बाजूही आपल्याच हातात आहे. एनएसएसच्या कार्यक्रमात नेत्रदानाचे फॉर्म आपण भरतो, फोटो काढतो. पण प्रत्यक्ष वेळी संमती घरच्यांची लागते. तुमच्या घरी ते माहीतच नसेल तर तो फॉर्म म्हणजे न जमा केलेलं जर्नल. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, साखर किंवा बीपी असलं, तरी नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवायचं, म्हणजे साधारण सहा तासांच्या आत डोळे घेता येतात, पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही. यंदा दिवाळीत घरी गेलात की फराळाच्या वेळी नको, पण रात्री निवांत असताना एकदा विषय काढा. मी काढला. आजी म्हणाली, "माझे घ्या की, मोतीबिंदू काढलेत म्हणून चालणार नाहीत असं वाटत होतं मला." बघा, इतकी वर्षं ती तयार होती, आम्हीच विचारलं नव्हतं.

पार्टनर आता शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवसाबद्दल तो मला कधीच काही बोलला नाही. हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. त्याने उजवा डोळा बारीक करून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "बाटली मी आणली असं लिही ना. उगाच तुला बोलतील सगळे."

नाही लिहिलं. बाटली मी आणली होती.

बघा, पटतंय का. आणि आज ग्राइंडरवर जाणार असाल तर तो खिळ्यावरचा गॉगल आधी उतरवा.